मागे बसणाऱ्याचा ताल

एक

आमच्या घरात आढ्याला हलगी टांगलेली असे. आजा ती वाजवीत असे. गावात लग्न असो, मयत असो, जत्रा असो, पहिला सांगावा मांगवाड्यात येई. हलगी जाळावर शेकून, गळ्यात अडकवून आजा वरातीच्या सर्वांत पुढे चाले. आणि जेवणाची पंगत बसली की सर्वांत शेवटी, सर्वांपासून लांब बसे. काय मिळणार हे त्याने ठरवलेले नसे, किती वेळ वाजवायचे हेही नाही. ‘वाजीव’ म्हटले की हात सुरू, ‘थांब’ म्हटले की हात बंद. माझ्या वडिलांना शहरात नोकरी लागली तेव्हा ते एकदा गावी आले, त्यांनी ती हलगी उतरवली आणि अंगणात नेऊन फोडली. आजा काही बोलला नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत अपमानाची कामे आणि उष्टे अन्न टाकून द्या असे आपल्या लोकांना बजावले होते. त्या शिकवणीचा आमच्या घरातला अर्थ हा होता.

मी याच संस्कारात वाढलो. म्हणून अलीकडे एका विद्यार्थ्याने मोबाइलवर मला एक अमेरिकन ध्वनिमुद्रिका ऐकवली आणि ‘सर, यात ड्रम वाजवणारा माणूसच संचाचा प्रमुख आहे’ असे कौतुकाने सांगितले, तेव्हा मला कौतुक वाटले नाही. थोडी लाजच वाटली. वाजवणाऱ्याचे कौतुक गावानेही आज्याचे पुष्कळ केले होते. पण त्यानंतर अशा अनेक ध्वनिमुद्रिका मी ऐकल्या. ड्रमवादकाने पुढारपण केलेल्या, तीन ते सहा-सात जणांच्या लहान संचाच्या जॅझ ध्वनिमुद्रिका. त्या ऐकताना माझी लाज गेली आणि तिच्या जागी एक प्रश्न आला. वाद्य गुलामीचे असते की वाजवण्याचा करार गुलामीचा असतो? या लेखात तोच प्रश्न मी तपासणार आहे.

दोन

दलित चळवळीचे काळ्या अमेरिकेशी नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंनी केलेल्या अर्जाची चौकशी केली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिचे नावच १९६६ च्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते साहित्य मराठीत समजावून सांगितले. आपण त्या समाजाच्या कविता वाचल्या, आत्मकथने वाचली, जाहीरनामे वाचले. त्यांचे संगीत मात्र ऐकले नाही. याला एक कारण आहे. मुंबईत जॅझ आले ते १९३० नंतरच्या काळात ताजमहाल हॉटेलच्या नृत्यगृहात. लिऑन ॲबे आणि टेडी वेदरफोर्ड यांच्यासारख्या काळ्या वादकांनी ते आणले, गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी ते आत्मसात केले आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नेले. पण ऐकणारे होते गोरे साहेब, संस्थानिक आणि श्रीमंत. मांगवाड्यापर्यंत किंवा बीडीडी चाळीपर्यंत जॅझ पोचले ते ‘साहेबाचे संगीत’ म्हणून. गुलामांच्या नातवंडांनी घडवलेली कला आपल्याला मालकांची वाटली, हा इतिहासाचा एक विपर्यास आहे.

तथापि नाते सांगताना फरकही सांगितला पाहिजे, आणि ढोलाच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. १७३९ साली दक्षिण कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केले. ते ढोल वाजवीत निघाले होते. पुढच्याच वर्षी, १७४० साली, तेथील कायद्याने गुलामांना ढोल बाळगण्यास व वाजवण्यास बंदी केली, कारण ढोल म्हणजे निरोप आणि निरोप म्हणजे एकजूट, हे मालकांना कळले होते. आपल्याकडे उलटे घडले. येथे ढोल कोणी हिसकावला नाही. येथे तो जन्माबरोबर गळ्यात बांधला. तिथे वाजवणे हा गुन्हा होता, इथे न वाजवणे हा गुन्हा होता. म्हणून तिथे ढोल हाती घेणे ही मुक्ती ठरली आणि इथे तो टाकणे ही मुक्ती ठरली. मॅक्स रोच ड्रमवर बसला तेव्हा त्याने जे केले, तेच माझ्या वडिलांनी हलगी फोडून केले, असे मला आज वाटते. हा फरक विसरून जे ‘ढोल हा सर्व शोषितांचा आवाज’ अशी सोपी घोषणा देतात, त्यांनी आज्याच्या पंगतीची जागा पाहिलेली नसते.

तीन

जॅझच्या लहान संचाची बैठक समजून घेऊ. पुढे सॅक्सोफोन, ट्रम्पेट अशी फुंकून वाजवण्याची वाद्ये. त्यांच्या मागे पियानो, उभा मोठा बास आणि सर्वांत मागे ड्रम. ड्रमवादक एकटाच चार हातापायांनी वाजवतो. पायाखाली मोठा ढोल, दुसऱ्या पायाखाली झांजांची जोडी, समोर लहानमोठे ढोल, डोक्याच्या उंचीवर झांजा. सगळा संच त्याच्या आधाराने चालतो. पण चाल कोणाची, तर पुढच्याची. टाळ्या कोणाला, तर पुढच्याला. व्यवहारातही चाल आणि शब्द यांना मालक असतो, रचनाकार म्हणून नाव लागते, त्यावर पैसे मिळतात. तालावर सहसा कोणाचीच मालकी लागत नाही. ज्याच्यावाचून काही उभे राहत नाही त्याचे नाव शेवटी, ही व्यवस्था आपल्याला नवी नाही.

या पार्श्वभूमीवर ड्रमवादकाच्या नावाने ध्वनिमुद्रिका निघते तेव्हा काय बदलते? मला वाटले होते की ढोल मोठ्याने वाजत असेल. बहुतेक ठिकाणी तसे होत नाही. कोणी कधी बोलायचे, कोणी थांबायचे, किती वेगाने चालायचे आणि चुकलेले ठेवायचे की पुसायचे, हे मागे बसलेला ठरवतो. बदल होतो तो सत्तेच्या जागेत. ध्वनीचे प्रमाण दुय्यम आहे.

चार

मॅक्स रोचची ‘वुई इन्सिस्ट!’ ही ध्वनिमुद्रिका १९६० साली न्यूयॉर्कमध्ये, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ध्वनिमुद्रित झाली आणि त्याच वर्षी कँडिड या कंपनीने काढली. तिचे दुसरे नाव ‘फ्रीडम नाऊ सूट’. शब्द ऑस्कर ब्राउन यांचे, गायिका ॲबी लिंकन. त्या वर्षी १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरो येथे चार काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले होते. वेष्टनावरचे छायाचित्र त्याच प्रसंगाची आठवण देते. तीन काळी माणसे अशाच एका कट्ट्यासमोर बसून कॅमेऱ्याकडे वळून पाहत आहेत आणि पलीकडे गोरा नोकर उभा आहे. चवदार तळे ज्याला ठाऊक आहे त्याला या चित्राचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

पाच रचना आहेत. पहिलीत गुलामांवर देखरेख करणाऱ्या मुकादमाचे वर्णन आहे, त्याने स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांसकट. ताल पाच मात्रांचा. त्यातल्या पहिल्या मात्रेवर एक कोरडा, तडकणारा आघात येतो. तो आसूड आहे. येथे रोचने एक विलक्षण गोष्ट केली आहे. ज्या हाताने तो आपल्या लोकांचे गाणे सांभाळतो, त्याच हाताने तो मालकाचा आसूडही वाजवतो. दर पाच मात्रांनी तो पडतो, चुकत नाही, आणि त्या दोन फटक्यांच्या मधल्या जागेत ॲबी लिंकनला गावे लागते, कोलमन हॉकिन्सला सॅक्सोफोन वाजवावा लागतो. गुलामीचे वर्णन करणारी पुष्कळ गाणी असतील. या रचनेत गुलामी तालाच्या घडणीत शिरलेली आहे. ‘वाजीव’ आणि ‘थांब’ यांच्या मध्ये आज्याला मिळणारी जागा अशीच असणार.

हॉकिन्स तेव्हा पंचावन्न वर्षांचा, सर्वांत ज्येष्ठ आणि नामांकित. वाजवताना एके ठिकाणी त्याचे वाद्य चिरकले. तेवढा तुकडा बदलता आला असता. निर्माते नॅट हेंटॉफ यांनी सांगितलेल्या आठवणीनुसार हॉकिन्सनेच त्याला नकार दिला. अशा विषयाची रचना निर्दोष झाली तर तिच्यात काहीतरी चुकले आहे, असे त्याचे म्हणणे पडले. ते चिरकणे आजही ऐकू येते. दलित कवितेच्या भाषेला ‘ओबडधोबड’ म्हणणाऱ्या प्रस्थापित समीक्षेला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

मधल्या रचनेत फक्त दोघे आहेत, रोचचे ड्रम आणि लिंकनचा आवाज. शब्द नाहीत. प्रार्थना, निषेध आणि शांती असे तीन भाग. निषेधाच्या भागात ती एक मिनिटाहून अधिक काळ किंचाळत राहते. पहिल्यांदा ऐकताना मी फोन खाली ठेवला. शेजारचे काय म्हणतील असे वाटले. नंतर लक्षात आले की आपल्या वस्तीत हा आवाज मी लहानपणापासून ऐकलेला आहे, फक्त कोणी तो ध्वनिमुद्रित केलेला नव्हता. शेवटच्या रचनेच्या नावात जोहान्सबर्ग आहे. २१ मार्च १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल येथे पोलिसांनी ६९ माणसे मारली, त्यांच्यासाठीचा तो शोक आहे. आफ्रिकेवरच्या रचनेत नायजेरियाचा बाबातुंडे ओलातुंजी ढोल वाजवतो. दोन खंडांचे ढोल एका खोलीत येतात.

प्रतिक्रिया काय झाली तीही पाहण्यासारखी आहे. पुढच्याच वर्षी, १९६१ साली, ॲबी लिंकनची स्वतःच्या नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. ‘डाउनबीट’ या प्रमुख जॅझ मासिकातील गोऱ्या परीक्षकाने तिच्यावर, ती आपल्या काळेपणाचा व्यवसाय करते, अशा अर्थाचा आरोप केला. १९६२ साली त्या मासिकाला जॅझमधील वंशद्वेषावर चर्चा घडवून छापावी लागली. तीत लिंकन आणि रोच दोघेही बोलले. पण लिंकनच्या स्वतःच्या नावाची पुढची ध्वनिमुद्रिका १९७३ साली झाली, तीही जपानमध्ये. ‘तुम्ही जातीचे भांडवल करता’ हे वाक्य आपल्या लेखकांनी किती वेळा ऐकले आहे? पृथ्वीच्या दोन टोकांना समीक्षा एकच वाक्य बोलते. २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘वुई इन्सिस्ट!’ जतन करण्याच्या यादीत घेतली. बासष्ट वर्षे लागली.

पाच

तरीही या थोर कृतीबद्दल एक प्रश्न विचारलाच पाहिजे. किंचाळली कोण, आणि नाव कोणाचे? वेष्टनावर नाव रोचचे. शब्द पुरुषाचे, रचना पुरुषाची. आसुडाची आणि बलात्काराची कथा मात्र स्त्रीच्या गळ्यातून. तिची बारा वर्षे गेली ती वर सांगितलीच. हा दोष रोच या एका माणसाचा मी मानत नाही. मुक्तीच्या चळवळींनी स्त्रीला जी जागा दिली तिचाच हा नमुना आहे, आणि आपलीही चळवळ याला अपवाद नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक लिहून आपल्याच माणसांना आठवण करून द्यावी लागली होती.

या प्रश्नाला जॅझच्या आतून उत्तर दिले ते टेरी लिन कॅरिंग्टन या ड्रमवादक स्त्रीने. १९६५ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या या बाईला सातव्या वर्षी आजोबांचे ड्रम मिळाले. आजोबा फॅट्स वॉलरसारख्या मोठ्या कलावंताबरोबर वाजवलेले. हे वाचताना मला आमचे आढे आठवले. तिच्या घरात आजोबांचे वाद्य नातीला मिळाले, आमच्या घरात ते फोडावे लागले. दोन समाजांतला जो फरक मी वर सांगितला तो हाच.

वाद्यसंगीताच्या जॅझ ध्वनिमुद्रिकेसाठीचे ग्रॅमी पारितोषिक २०१४ साली तिला मिळाले; ते मिळवणारी ती पहिली स्त्री. २०१८ साली बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयात तिने जॅझ आणि लिंगभाव न्याय यांसाठी संस्था उभी केली. जॅझचे विद्यार्थी ज्या स्वरलिपींच्या संग्रहांवरून शिकतात त्यांत स्त्रियांच्या रचना नावापुरत्याच असतात. म्हणून २०२२ साली तिने स्त्रियांच्या १०१ रचनांचा संग्रह छापला आणि त्यांतील काही घेऊन लहान संचाची ‘न्यू स्टँडर्ड्स’ ही ध्वनिमुद्रिका काढली. पियानोवर क्रिस डेव्हिस, बासवर लिंडा मे हान ओ. यात ड्रम कुठेही अंगावर येत नाही. पाठ्यपुस्तक कोणी लिहायचे हा प्रश्न तिने तालाच्या जागेवरून सोडवला आहे. शिक्षक म्हणून मला हे फार महत्त्वाचे वाटते.

आणि २०२५ साली, रोचच्या जन्मशताब्दीनंतरच्या वर्षी, त्याच कँडिड कंपनीकडून तिने ‘वुई इन्सिस्ट २०२५!’ काढली. रचना त्याच, घडण नवी. या वेळी दोन नावे आहेत, ड्रमवादक कॅरिंग्टन आणि गायिका क्रिस्टी डॅशिएल. किंचाळणारीचे नाव अखेर लागले. मधल्या तीन भागांची नावेही बदलली आहेत. प्रार्थना, निषेध, शांती यांच्या जागी निर्धार, प्रतिकार आणि नव्याने कल्पिणे. शांतीची मागणी संपली आहे, हे या नावांतूनच कळते.

परंतु समीक्षकाने कानाशी प्रामाणिक राहावे. नव्या ध्वनिमुद्रिकेत गिटार आहे, व्हायब्राफोन आहे, चर्चमधील आणि आजच्या लोकप्रिय काळ्या संगीताचे रंग आहेत. ती ऐकायला सोपी आहे. मूळ कृतीत आसुडाने जे अंगावर शहारे आणले ते मला येथे मिळाले नाहीत. मोबाइल खाली ठेवावासा वाटला नाही. हा दोष की काळाचा बदल? साठ वर्षांनी तीच किंचाळी पुन्हा मारली तर ती अभिनय होईल, हे कॅरिंग्टनला कळलेले दिसते. पण निषेध इतका सुखद झाला की तो भोजनाच्या वेळी लावता येतो, ही भीती मला वाटते. आपल्याकडेही जयंतीच्या गाण्यांचे काय झाले आहे ते आपण पाहतोच.

सहा

आता मी ज्या वादकापाशी सर्वांत अधिक थांबलो त्याच्याविषयी. टायशॉन सोरी, जन्म १९८०, नेवार्क शहरातला. २०२३ सालची त्याची ‘कंटिन्यूइंग’ ही ध्वनिमुद्रिका तिघांची आहे. पियानोवर आरन डील, बासवर मॅट ब्रूवर. चारच रचना, लांबलचक आणि बहुतांशी अतिशय संथ. पहिली वेन शॉर्टरची. मुळात ती आर्ट ब्लेकी या गर्जून वाजवणाऱ्या ड्रमवादकाच्या संचासाठी १९६१ साली ध्वनिमुद्रित झालेली. सोरी तीच रचना इतकी सावकाश नेतो की दोन आघातांच्या मध्ये आपला श्वास ऐकू येतो. झांजेला हलका स्पर्श होतो आणि तिचा नाद विरेपर्यंत तो वाट पाहतो.

पहिल्यांदा मला राग आला. एवढा काळा, एवढा ताकदीचा वादक, आणि हा हळू हळू काय वाजवतो? मग माझ्या रागाची मलाच शरम वाटली. ‘वाजीव’ म्हणणाऱ्या गावात आणि माझ्यात काय फरक उरला? गावाला आज्याकडून धुंदी हवी होती, मला सोरीकडून विद्रोह हवा होता. दोघेही त्याला काय वाजवायचे ते सांगत होतो. दलित लेखकाने फक्त वेदना लिहावी, फक्त संताप लिहावा, अशी एक अपेक्षा आता प्रस्थापितांनीही स्वीकारली आहे. आमच्या संतापाची त्यांना सवय झाली आहे, त्याला पारितोषिकेही मिळतात. पण दलित माणूस पावसाविषयी लिहू लागला, गणिताविषयी लिहू लागला, की ‘यात दलित जाणीव कोठे आहे’ असे विचारले जाते. कधीकधी आपणच विचारतो. सोरीने आपल्या वेगाने चालण्याचा हक्क घेतला आहे. २०२४ साली त्याला संगीताचे पुलित्झर मिळाले, तेही सॅक्सोफोन आणि वाद्यवृंदासाठीच्या एका संथ रचनेला. ज्याच्या श्रमाची वेळ पिढ्यान्‌पिढ्या मालकाने मोजली, त्याने वेळ आपल्या मालकीची करणे हाही विद्रोहच आहे.

इतर दोघांचा उल्लेख थोडक्यात करतो. जोनाथन ब्लेकच्या ‘होमवर्ड बाउंड’ या २०२१ सालच्या पाच जणांच्या ध्वनिमुद्रिकेतील शीर्षकरचना सँडी हुक येथील शाळेत २०१२ साली झालेल्या गोळीबारात मारल्या गेलेल्या सहा वर्षांच्या मुलीसाठी आहे. ती त्याच्या सहवादक मित्राची मुलगी. शोकगीत असूनही ते रडत नाही, त्या मुलीच्या खेळकरपणाची आठवण ठेवते. शिकागोच्या मकाया मॅकक्रेवनने २०१५ च्या ‘इन द मोमेंट’ साठी वर्षभरातील उत्स्फूर्त वादनाच्या कितीतरी तासांच्या फिती घेतल्या आणि त्या कापून, जोडून नव्या रचना केल्या. वाजवून झाल्यावर त्याचे काय करायचे हेही येथे ड्रमवादकानेच ठरवले. आज्याच्या हातची एकही रात्र कोणी टिपून ठेवली नाही, हे ऐकताना सारखे मनात येत होते.

सात

आमच्या तालुक्याच्या गावी १४ एप्रिलच्या मिरवणुकीत काही तरुण मुले हलगी घेऊन येतात. वडीलधारी माणसे चिडतात. ‘जे टाकले ते पुन्हा गळ्यात कशाला?’ मी आजवर त्या वडीलधाऱ्यांच्या बाजूने बोललो आहे. मुले म्हणतात, ‘सर, ही आमची कला आहे.’ दोघांचेही अर्धे खरे आहे. माझ्या वडिलांनी हलगी फोडली ते योग्यच केले. ती न फोडता मी शाळेत गेलो असतो की वरातीत, हे सांगता येत नाही. ज्या गावात आजही वाजवायला जातीवरून बोलावणे येते, तिथे हलगी टाकणे हेच पुरोगामी पाऊल आहे. तिथे कलेच्या गप्पा कोणी सांगू नयेत.

पण जिथे मुलगा स्वतःहून ती उचलतो, तिथे या ध्वनिमुद्रिकांनी मला काही कसोट्या दिल्या आहेत. रोचकडून ही, की ताल मनोरंजन न करता साक्ष देऊ शकतो. लिंकन आणि कॅरिंग्टन यांच्याकडून ही, की त्या पथकात मुलगी कुठे आहे आणि नाव कोणाचे लागते, हे पाहिले पाहिजे. सोरीकडून ही, की त्याला हळू वाजवण्याची, आणि वाटल्यास अजिबात न वाजवण्याचीही मोकळीक हवी.

महाविद्यालयांत शिकवणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे. आपल्या विद्यार्थ्यांना एकदा १९६० ची आणि २०२५ ची ‘वुई इन्सिस्ट’ लागोपाठ ऐकवावी आणि मग सोरीची एक रचना शेवटपर्यंत ऐकवावी. मुले कंटाळतील, हसतील, किंचाळीच्या वेळी दाराकडे पाहतील. ऐकून झाल्यावर चर्चा करावी. आणि त्यांतला जो मुलगा उद्या हलगी हातात घेईल त्याला, ती कोणाची, कितव्या पिढीची, हे विचारण्याच्या आधी एवढेच विचारावे, की तुला ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे?